वेदनेवरील दोन औषधे आणि आपली उलटी भीती

दिवसभर यंत्रमागापुढे उभे राहणारे वडील, मांडी घालून विड्या वळणाऱ्या आया, हंगामात ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, अशा घरांतूनच सोलापूरच्या वसतिगृहांत मुले येतात. या घरांत गुडघा आणि कंबर दुखणे इतके नित्याचे आहे की त्याला कोणी आजार म्हणत नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय चार गोळ्या कापून आणल्या की दिवस निघतो. त्या गोळ्यांना कोणी भीत नाही. मात्र त्याच घरात कोणाला कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी मॉर्फिनचे नाव काढले, की सारे घर दचकते. आमच्या मते ही भीती बऱ्याच अंशी उलट्या जागी बसली आहे आणि तिची किंमत आपली वडीलधारी माणसे मोजत आहेत.

प्रथम नेहमीच्या गोळीविषयी. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही दाहशामक औषधे होत. शरीराला इजा झाली की त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि सूज व ठणका वाढवतात. ॲस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अडचण अशी की हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि शरीरातले पाणी घटले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवून धरतात. दुखणाऱ्या गुडघ्यातले द्रव्य रोखायचे आणि मूत्रपिंडातले सोडायचे, एवढा विवेक गोळीला नसतो.

आपल्या शहराच्या दृष्टीने हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये घाम गाळणारा, पाणी कमी पिणारा, त्यातून मधुमेह किंवा रक्तदाब असलेला माणूस रोज ही गोळी घेत असेल, तर तो आपल्या मूत्रपिंडावर घाला घालत असतो आणि पुष्कळदा त्याची चाहूलही लागत नाही. रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत असल्यास धोका आणखी वाढतो. जठरातील व्रणातून पोट न दुखताही रक्त जाते. डांबरासारखी काळी शौच झाली तर थेट रुग्णालय गाठावे. हृदयालाही धोका असतो. रोफेकॉक्सिब हे याच वर्गातील औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली जगभरातून मागे घेण्यात आले. शिवाय एका मर्यादेनंतर मात्रा वाढवून आराम वाढत नाही, वाढतो तो केवळ अपाय. एक गोष्ट जाता जाता सांगतो: बाजारातील अनेक गोळ्यांत दाहशामकाबरोबर पॅरासिटामॉल मिसळलेले असते, आणि लोक वरून तापाची गोळी वेगळी घेतात. पाकिटावरचे नाव वेगळे, आतले औषध तेच.

ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन, फेंटानिल यांचा मार्ग निराळा. सुजेशी त्यांना कर्तव्य नाही. ती मेंदू आणि मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहींवर बसून वेदनेची जाणीवच मंद करतात. मात्रा चुकली तर श्वास मंदावतो. मद्य किंवा झोपेच्या गोळीबरोबर तर प्राणावर बेतू शकते. सवय लागण्याची भीतीही खरी आहे. म्हणूनच २०१८ साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. तेव्हा जुनाट कंबरदुखीला ‘जोरदार’ गोळी मागणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेत जुनाट कंबर, गुडघा व खुब्याच्या दुखण्याच्या २४० रुग्णांवर वर्षभर चाललेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. अफूवर्गीय औषधे घेणाऱ्यांचे चालणे-फिरणे इतरांहून सुधारले नाही, वेदना किंचित अधिकच राहिली आणि दुष्परिणामही अधिक झाले. मुतखड्याच्या कळेवरही, मूत्रपिंडे ठीक असतील तर, डॉक्टर सहसा दाहशामकच आधी निवडतात.

कर्करोगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. गाठ हाडांत किंवा मज्जातंतूंत शिरली की दाहशामक गोळी एकटी पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच तीव्र वेदनेसाठी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन सुचवले. आपल्या जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. या रोगाचा गावांतला वावर आपल्याला नवा नाही. तरीही औषध दुर्मिळ राहिले. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. पण १९८५ च्या कायद्याने इतक्या परवान्यांची अट घातली की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच टाळले. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट सोपी केली. घरच्यांच्या मनातली अट अजून तशीच आहे.

आपल्या समाजात तिला आणखी एक पदर आहे. पाचवे शील घेतलेल्या आजीला अफूपासून बनलेले औषध कसे द्यावे, असा प्रश्न उपासक-उपासिका विचारतात आणि तो प्रामाणिक असतो. महावग्गातील भेसज्जक्खंधक वाचावा. पिलिंदवच्छ या भिक्खूला वातविकार झाला, वैद्यांनी मद्य घालून शिजवलेले तेल सांगितले आणि तथागतांनी त्यास अनुमती दिली. काही भिक्खू मद्य अधिक घालू लागले, तेव्हा त्याचा रंग, गंध वा चव येणार नाही इतकेच असावे, अशी मर्यादाही घालून दिली. शील प्रमाद टाळण्यासाठी आहे. वेदनेने तळमळणाऱ्या आजीला शांत झोप लागली तर त्यात प्रमाद कसला?

मॉर्फिन सुरू झालेच तर साधी गोळी दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी नेमलेल्या वेळी, बहुधा दर चार तासांनी, द्यावी. पहिले काही दिवस मळमळ व गुंगी येते आणि ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्याच दिवसापासून मागून घ्यावे. गोळी एकाएकी बंद करू नये. ती कुलपात ठेवावी, आणि उरलेल्या गोळ्या मोजून ज्या रुग्णालयातून आणल्या तेथेच परत द्याव्यात.