इसार देण्याआधी

भोर तालुक्यात धरणाचं पाणी ज्या जमिनीवरून दिसतं, तिचा भाव आता मातीवर ठरत नाही. भाताचं एकरी पीक पंधरा-अठरा क्विंटल, २०२५-२६ चा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. इंद्रायणीला थोडा जास्त भाव धरा. मला सांगितलेला दर होता एकरी चाळीस लाख. एवढ्या रकमेचं नुसतं व्याजसुद्धा भातातून निघत नाही. विकत घेऊन शेती सुरू करायची म्हणणाऱ्या पोरांनी हा हिशेब आधी मांडावा.

मी शेतकऱ्याच्याच घरातला. वाटण्या होऊन उरलेल्या जमिनीवर भागेना, म्हणून शेजारच्या गावात एका वयस्कर काकांशी व्यवहार ठरवला. गावच्या रिवाजाप्रमाणे साध्या कागदावर इसारपावती झाली. तेवढ्यात शहरातल्या एका गिऱ्हाइकाने लागूनचे गट एकदम घ्यायची तयारी दाखवली, त्यात हाही गट होता. काका स्वतः घरी आले, इसाराचे पैसे समोर ठेवले आणि म्हणाले, "तुलाच द्यायची होती रे बाळा. पण पोरं म्हणतात, सगळी रक्कम एका हप्त्यात मिळतेय." त्यांचा मला राग आला नाही. जन्मभर चिखलात वाकलेल्या माणसाने म्हातारपणी मिळणारा पैसा का सोडावा?

कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणून आपण निर्धास्त असतो. व्यवहारात मात्र कुठल्याशा सातबारावर नाव असलं की भागतं. घेणारा ती कसणार का, हे कोणी विचारत नाही. म्हणून तोंडी शब्दावर आणि साध्या पावतीवर थांबू नका. साठेखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या, त्यात मुदत घाला आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्याही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल किंवा इतर हक्कांत बोजा असेल, तर आधी त्याचा उलगडा करून घ्या.

वाटेचं दुखणं याहून मोठं. त्या गटांभोवती दगडी कंपाउंड उभं राहिलं आणि वरच्या खाचरांकडे जाणारी जुनी वहिवाट बंद झाली. त्या आवणीला बायांनी रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन ओढ्यातून नेल्या, पॉवर टिलर तर खालीच राहिला. अशा वेळी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावात समजुतीच्या बैठका घेण्यातच ही मुदत निघून जाते. बैठका घ्याच, पण अर्ज आधी द्या.

सध्या मी खंडाने शेती करतो. मालक लेखी द्यायला धजत नाहीत. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं जमिनीची मालक झाली, ती धास्ती घराघरांत अजून आहे. कागद नाही म्हणून मला पीककर्ज नाही, आणि नुकसानभरपाई सातबारावरच्या नावाने जाते. तरीही नवख्याने आधी खंडानेच कसावं, असं माझं ठाम मत आहे. कर्जाच्या डोंगराखाली शेती शिकता येत नाही.

आणि जमीन घ्यायचीच असेल, तर उन्हाळ्यात एजंटच्या गाडीतून बघून ठरवू नका. भर जुलैत पायी जा, वाट कोणाच्या बांधावरून जाते ते बघा, आणि विहिरीतला हिस्सा साठेखतात लिहून घेतल्याशिवाय इसार देऊ नका.