शाळेचं मैदान आणि तालमीची माती

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी खेळ शिकवतो आणि संध्याकाळी गावच्या तालमीत पोरांच्या लढती बघायला उभा असतो. त्यामुळे दर जूनमध्ये एकच प्रश्न दोन्ही बाजूंनी माझ्याकडे येतो. आईवडील विचारतात, "सर, पोरगं तालमीत घातलंय. आता कबड्डी, खोखो बंद करायचं का?" आणि वस्ताद म्हणतात, "सर, आमचा पठ्ठा तुमच्या संघात कशाला ओढताय?" इतकी वर्षं पोरांना जवळून बघून या प्रश्नाबद्दल जी मतं पक्की झाली, ती इथं मांडतो. ती सातवी ते दहावीच्या पोरापोरींपुरती आहेत. मोठ्या पैलवानाचं गणित वेगळं असतं.

१. दहावीपर्यंत कुस्ती मुख्य असू द्या, पण एकटी नको.

आठव्या वर्षी लंगोट बांधलेलं आणि दुसरं काहीच न खेळलेलं पोरगं नववीत माझ्यासमोर उभं राहतं, तेव्हा ते लगेच ओळखू येतं. जोर-बैठकांनी छाती आणि मांड्या भरलेल्या असतात, पण अंगावर आलेला चेंडू झेलता येत नाही. पळता पळता चटकन वळता येत नाही. डाव बसलेला असतो तो एकाच बाजूचा, आणि दुसरी बाजू कोरी. बऱ्याचदा खांदा किंवा गुडघा आतापासूनच कुरकुरत असतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते, ती कच्ची असते. रोज त्याच सांध्यावर तोच ताण पडत गेला की दुखणं तिथंच घर करतं.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली याबद्दल स्पष्ट सल्ला दिला आहे. एकाच खेळाला वाहून घेणं शक्यतो पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळापासून सुट्टी असावी, आणि वर्षात एकूण तीन महिने, एकेक महिन्यानं का होईना, तो खेळ बाजूला ठेवावा.

हे परकं शहाणपण आहे असं कुणी समजू नये. मल्लखांब रुजवणाऱ्या बाळंभट्टदादा देवधरांनी तो पैलवानांच्या अंगाला चपळाई यावी म्हणूनच पुढे आणला. ऑलिंपिकचं पदक आणणारे खाशाबा जाधव शाळेत असताना धावणं, पोहणं, वजन उचलणं हे सगळं करत होते. आणि आमच्या कोल्हापुरात तर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा अख्खी पेठ मागे उभी असते. तालीम म्हणजे फक्त कुस्ती, असं या शहरानं कधी मानलं नाही.

आईवडिलांची घाई मला समजते. दूध, बदाम, तूप यांचा खर्च शेतकऱ्याच्या घराला परवडत नसताना ते करतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. लवकर सुरुवात केली तर लवकर पदरात पडेल असं वाटणं साहजिक आहे. पण कुस्तीत माणूस बहराला येतो तो विशीच्या पुढे, आणि तिथवर पोचायला धड गुडघे लागतात.

२. जोडीचा खेळ विचार करून निवडा. कबड्डी म्हणजे विश्रांती नव्हे.

चौदा वर्षांखालच्या पोराला मी डोळे झाकून खोखो सांगतो. खो मिळाला की बसल्या जागेवरून उठून धावायचं, खांबाजवळ वळायचं, समोरच्याच्या खांद्याची हूल ओळखायची. पुढे पट काढायला हेच पाय आणि हीच नजर लागते. माझ्या पाहण्यात सगळ्यात चपळ पाय असलेले लहान पैलवान खोखोतून आले.

कबड्डीचं तसं नाही. कबड्डीची पायपकड आणि कुस्तीचा पट एकमेकांच्या जवळचे आहेत, त्यामुळे पोरगं तिथं पटकन चमकतं आणि संघाला ते हवंच असतं. पण त्याच गुडघ्यांवर, त्याच घोट्यांवर, त्याच खांद्यांवर तो मार पडतो. सकाळी तालमीत लढत केलेल्या पोरानं संध्याकाळी मैदानावर धडका झेलल्या, तर त्याच्या अंगानं दोनदा कुस्ती केली असंच धरायचं. म्हणून कबड्डी घ्यायची असेल तर घ्या, पण त्या काळात तालमीतली लढत कमी करा. पोहणं, मल्लखांब, लांब पल्ल्याचं धावणं हे कधीही चालतं. फुटबॉलला माझी हरकत नाही, फक्त एका वेळी एकच जोडीदार खेळ असावा.

३. माती आणि मॅट हेच मुळात दोन खेळ आहेत.

हे फार कमी लोक मोजतात. जत्रेच्या मैदानात निकाली कुस्ती लागते आणि चितपट होईपर्यंत दम टिकवावा लागतो. मॅटवर सतरा वर्षांखालच्या आंतरराष्ट्रीय गटात दोन-दोन मिनिटांचे दोन भाग असतात, गुण मोजले जातात आणि दहा गुणांची आघाडी झाली की फ्रीस्टाइलची कुस्ती संपते. पकड वेगळी, पवित्रा वेगळा, दम राखण्याची पद्धत वेगळी. माती, मॅट आणि वर कबड्डी करणारं पोरगं खरं तर तीन खेळ खेळत असतं. मग घरचे विचारतात, पोरगं वहीवर डोकं ठेवून का झोपतं?

४. तास मोजा, आणि ते एकाच ठिकाणी मोजा.

लहान खेळाडूंसाठी एक सोपा हिशेब सांगितला जातो. त्याचं वय जितकं, आठवड्याला त्याहून जास्त तास शिस्तीचा सराव नसावा. चौदा वर्षांच्या पोराला चौदा तास. आता आपल्याकडचं बघा. पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन तास, आठवड्याचे सहा दिवस. हे झाले चोवीस, आणि त्यात शाळेच्या संघाचा सराव अजून धरलेलाच नाही. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे साडेचारला उठणाऱ्या पोराला ती मिळवायची तर साडेआठलाच अंथरुणावर पडावं लागेल, आणि अभ्यास घेऊन बसलेल्या कुठल्या घरात ते जमतं?

पोरगं स्वतः नाही म्हणू शकत नाही. वस्तादांसमोर मान वर करायची नाही आणि सरांनाही उलट बोलायचं नाही, अशा वळणात ते वाढलेलं असतं. दुखलं तरी ते सांगणार नाही. म्हणून मोठ्यांनीच एकमेकांशी बोलायचं. मी तालमीत जातो, वस्तादांच्या पाया पडतो आणि म्हणतो, "वस्ताद, मंगळवार-शुक्रवार कबड्डीचा सराव हाय. त्या दिवशी संध्याकाळी पोराला नुसतं अंग मोकळं करू द्या." बहुतेक जण ऐकतात. एक जुने वस्ताद तर उलट मलाच म्हणाले, "मग सर, सोमवारी पीटीला त्याला पळवू नका." तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली. पोरगं ती शाळेतून तालमीत आणि तालमीतून शाळेत नेतं. कुठं किती वेळ, काय केलं, कुठं दुखतंय, एवढंच त्यात असतं. तालमीतच मुक्कामाला असलेल्या पोरांसाठी तर ही वही हवीच, कारण त्यांचा थकवा बघायला आई जवळ नसते.

५. वर्ष आधी कागदावर मांडा.

शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, विभाग, राज्य असं करत हिवाळा गाठतात. दिवाळीनंतर गावोगावची मैदानं रंगू लागतात आणि चैत्र-वैशाखात जत्रांचा धडाका असतो. दोन्ही धरलं तर पोराला वर्षभर मोकळा महिना उरत नाही. आम्ही तो काढतो. मे संपता संपता जत्रा उरकल्या की एक महिना तालीम बंद: विहिरीत पोहायचं, झाडावर चढायचं, रानातली कामं करायची. राज्य पातळीवर न गेलेल्या पोराला दिवाळीच्या सुट्टीला जोडून दुसरा महिना मिळतो. तिसरा परीक्षेचा. दहावीच्या वर्षी तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मैदानाचं नाव काढायचं नाही, इनाम कितीही मोठं लागलेलं असो.

६. शाळकरी पोरानं वजन उतरवायचं नाही.

याबाबत मी कुणाचं ऐकत नाही. दोन खेळ एकत्र आले की वजनाचा घोळ दुप्पट होतो. कुस्तीत खालच्या गटात बसायला पोराला उपाशी ठेवतात. कबड्डीच्या कुमार गटांनाही वजनाची मर्यादा असते. मग पोरगं एका स्पर्धेसाठी सुकतं, दुसऱ्या दिवशी भरपेट खातं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी सोडतं. या वयात उंची वाढत असते, हाडं भरत असतात. त्याच्या वाढीचं अन्न आपण एका प्रमाणपत्रासाठी काढून घेत असतो.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत वजन उतरवताना तीन कॉलेज पैलवान दगावले. घाम काढण्यासाठी उष्णतेत व्यायाम आणि पाणी बंद, हेच तिघांच्याही बाबतीत होतं. त्यानंतर तिथल्या कॉलेजांचे नियम बदलले आणि पुढे शाळांचेही. हंगामाच्या आधी अंगातलं पाणी तपासून पोराचं किमान वजन ठरवलं जातं. मुलांच्या अंगातली चरबी सात टक्क्यांच्या आणि मुलींची बारा टक्क्यांच्या खाली जाईल अशा गटात खेळू देत नाहीत. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन घटवायलाही मनाई आहे. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगट शंभर ग्रॅमनं अपात्र ठरली आणि सारा देश हळहळला. डॉक्टर, आहारतज्ज्ञ दिमतीला असलेल्या मोठ्या खेळाडूची ही तऱ्हा, तर तालुक्याच्या स्पर्धेसाठी गोधडी पांघरून पळणाऱ्या तेरा वर्षांच्या पोराकडे कोण बघतं?

आमच्या शाळेत दर शनिवारी वजन होतं आणि पोरगं ज्या वजनाला सहज आहे त्याच गटात उतरतं. दोन महिन्यांत ते वरच्या गटात गेलं तर आम्ही आनंद मानतो. खाशाबा १९४८ ला लंडनमध्ये ५२ किलो गटात सहावे आले होते. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी पदक जिंकलं ते वरच्या, ५७ किलो गटात.

७. मुलींना दोन्ही दारं उघडी ठेवा.

मुलगी कुस्तीत आली की घरचे इतर खेळ आधी बंद करतात, कारण एकाच ठिकाणी पाठवणं सोपं वाटतं. आमच्याकडे चांगल्या लढणाऱ्या बऱ्याच मुली कबड्डी-खोखोतून आल्या, तेराव्या-चौदाव्या वर्षी, आणि त्यांचं काही बिघडलं नाही. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ साली आली. या मुलींच्या बऱ्याच आयांना लहानपणी तर ती बघायलाही मिळाली नव्हती. मुलींच्या बाबतीत पाळीच्या दिवसांतला सराव आणि पुरेसं खाणं यावर बोलायला एक बाई शिक्षिका जवळ असावी. पाळी लांबली किंवा थांबली तर सराव थांबवून आधी डॉक्टर.

८. निवड दहावीनंतर, आणि पोराला एकट्याला विचारून.

कुस्तीसाठी पोरगं तयार झालं हे मी पदकांवरून ठरवत नाही. शालेय वयात लवकर वाढलेलं पोरगं नुसत्या ताकदीवर जिंकतं आणि अकरावीत बाकीचे त्याला गाठतात. मी बघतो ते वेगळं. हरल्यावर ते काय विचारतं? "सर, तो ढाक मारताना माझा पाय कुठं होता?" असं विचारणारं पोरगं या खेळाचं असतं. सुट्टीच्या महिन्यात ते आपणहून हौदा खणायला येतं. त्याला वडील, वस्ताद, मित्र कुणीही जवळ नसताना विचारायचं, आणि ते कबड्डी म्हणालं तर कबड्डी. माझ्या अत्यंत गुणी पोरांपैकी एकानं तसं सांगितलं होतं. वस्तादांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पाठवलं, आणि आज तो पोलिसांच्या संघातून खेळतो.

एकदा कुस्ती ठरली की मग मात्र अर्धवट नको. अकरावीपासून चांगली तालीम, मॅट, खुराक आणि जाणता मार्गदर्शक यांची सोय करा आणि तीन-चार वर्षं निकालाची घाई करू नका.

तालमीच्या वस्तादांना, माझ्यासारख्या शिक्षकांना आणि आईवडिलांना एवढीच विनंती आहे. या जूनमध्ये पोराचं नाव कुठल्याही यादीत घालण्याआधी तिघांनी एकदा त्याच्यासह एकत्र बसा, समोर वर्षाचं कॅलेंडर ठेवा, आणि त्यात पहिली खूण सुट्टीच्या महिन्यांची करा.