बांडगूळ, वंदा आणि आमरी : सह्याद्रीतील रानऑर्किडांची ओळख व आपले शब्द

मराठीत एखाद्याला ‘बांडगूळ’ म्हटले की तो दुसऱ्याच्या जिवावर जगतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. हा लाक्षणिक अर्थ ज्या वनस्पतीवरून आला ती खरोखरच परजीवी आहे. अडचण पुढे येते. आंब्याफणसाच्या फांदीवर उगवलेली, मुळे जमिनीत नसलेली जवळजवळ प्रत्येक वनस्पती आपण याच नावाखाली घालतो. बागेची साफसफाई निघाली की कोयता सगळ्यांवर सारखाच चालतो आणि त्यात ऑर्किडेही जातात. एका शब्दाची व्याप्ती नको तेवढी वाढली, तर त्याची किंमत झाडावरच्या जिवाला मोजावी लागते. म्हणून हा विषय वनस्पतिशास्त्राइतकाच भाषेच्या वर्गातलाही आहे, असे मी मानतो.

हा घोटाळा आजचा नाही. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ‘वंदा’ या शब्दाबरोबर ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’ हे पर्याय येतात. पहिल्याचा अर्थ झाडाला खाणारी, दुसऱ्याचा झाडावर वाढणारी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोशाने त्यांना एका ओळीत बसवले. पुढे विल्यम जोन्स यांच्याकडून आलेले ‘वंदा’ हे नाव रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२० मध्ये ऑर्किडांच्या एका वंशाला दिले. आज जगभर ‘व्हँडा’ म्हणून विकले जाणारे फूल मूळ संस्कृत शब्द घेऊन फिरते, आणि हिंदीतला ‘बांदा’ मात्र परजीवीसाठी वापरला जातो. ‘डेंड्रोबियम’ या ग्रीक घडणीच्या नावाचा अर्थ आहे झाडावर जगणारे. म्हणजे ‘वृक्षरुहा’च. योग्य शब्द आपल्या कोशात होता. आपण चुकीचा शेजारी उचलला.

आता प्रत्यक्ष ओळखीकडे वळू. फांदीवरची वनस्पती बांडगूळ आहे की ऑर्किड, हे ठरवायला फूल लागत नाही. ती फांदीला जिथे जोडलेली आहे ती जागा पाहावी. बांडगुळाची शोषक मुळे फांदीच्या आत शिरतात. जोडाशी बहुधा गाठ आलेली दिसते. ऑर्किडाची मुळे सालीवरून पसरतात, आत शिरत नाहीत. ती जाड, पांढुरकी, स्पंजासारख्या आवरणाची असतात आणि पावसात भिजली की हिरवट दिसतात. पाऊस, धुके आणि सालीच्या फटीत साचलेला पालापाचोळा यांवर त्यांचे भागते. झाडाकडून ती फक्त जागा घेतात. दुसरी खूण पानांची : बांडगुळाच्या पानात शिरांची जाळी असते, ऑर्किडाच्या पानातल्या मुख्य शिरा समांतर धावतात.

फूल आले की ओळख आणखी सोपी होते. ऑर्किडाच्या फुलात बाहेरची तीन दले आणि आतली तीन दले असतात. आतल्यांपैकी एक इतर दोघांहून वेगळे असते : रुंद, झालरीचे, ठिपक्यांचे किंवा केसाळ. त्याला ‘ओष्ठ’ म्हणतात. बहुतेक फुले उमलताना देठाशी अर्धा पीळ घेतात, त्यामुळे ओष्ठ खालच्या बाजूला येतो आणि कीटकाला उतरायला पायरी मिळते. पुंकेसर आणि कुक्षीवृंत वेगळे न राहता एकाच ‘स्तंभा’त मिळालेले असतात. कित्येकांच्या ओष्ठामागे नळीसारखी शुंडिका असते. जगात २५,०००हून अधिक जाती असलेल्या या कुलाची ही घरची चण आहे.

जाती वेगळ्या करताना मी विद्यार्थ्यांना चार प्रश्न देतो : कुठे? केव्हा? पाने आहेत का? फुले कशी मांडली आहेत?

वैशाखाच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर झाडावरून पांढऱ्या, जांभळ्या ठिपक्यांच्या फुलांचा भरगच्च तुरा गजऱ्यासारखा खाली लोंबत असेल, तर ती सीतेची वेणी, ‘ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा’. पट्ट्यासारख्या पानाचे टोक खाचदार असते. ‘रेटुसा’ हे विशेषण त्यावरूनच आले. याच सुमारास फुलणारी ‘एरिडीस मॅक्युलोसा’ दुरून तिच्यासारखी वाटते, पण तिचा तुरा विरळ असतो आणि ओष्ठ ठळक गुलाबी-जांभळा.

थंडीच्या दिवसांत पाने झडलेल्या कांड्यांवर फुले दिसली, तर डेंड्रोबियमची शक्यता धरावी. ‘ओव्हॅटम’ची फुले पिवळसर, ‘बार्बॅट्युलम’ची पांढरी. ‘बार्बॅट्युलम’ म्हणजे लहानशी दाढी असलेले. ओष्ठावरच्या केसांमुळे हे नाव पडले.

जमिनीवरची ऑर्किडे पावसाळ्याची. पहिल्या पावसानंतर सड्यावर जमिनीला चिकटून एकच गोलसर पान आणि मधून निघालेल्या देठावर पांढरी फुले दिसली, तर ती ‘हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस’. कधी पाने दोनही असतात. श्रावण-भाद्रपदात गवतात सगळी फुले एकाच बाजूला वळलेली, दात घासायच्या ब्रशसारखी दिसणारी जात म्हणजे ‘हॅबेनेरिया हेनियाना’. मोठी, पांढरी, सुगंधी फुले, कडेला झालर आणि मागे लांबलचक शुंडिका असेल, तर तो वाघचौरा.

या यादीकडे भाषेच्या नजरेने पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. डोळ्यांत भरणाऱ्या फुलांना लोकांनी नावे दिली : वेणी, वाघचौरा. बाकीची कितीतरी लॅटिनच्याच भरवशावर आहेत. ‘आमरी’ हे नाव आता लेखनात स्थिरावते आहे. कोणी ‘अमरी’ असेही लिहितात. पण ते साऱ्या कुलाचे नाव झाले, जातीचे नव्हे. उलट बाजूनेही गोंधळ आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या नोंदींत ‘सीतेची वेणी’ हे नाव कधी ऱ्हिंकोस्टायलिसला, कधी एरिडीसला लावलेले आढळते. लोकनाम सैल असते. ते मोलाचे आहे, पण त्याच्या जोडीला वर्णन हवेच.

आपल्या भूमीशी जोडलेले एक उदाहरण या बाबतीत मार्गदर्शक आहे. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे निघालेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथासाठी इट्टी अच्युदन या वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीतील कोकणी भाषकांनी काम केले. त्यांचे कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत त्यात छापलेले आहे. त्या ग्रंथात चित्र, वर्णन आणि स्थानिक भाषांतली नावे एकत्र आहेत. म्हणून आज नाव बदलले तरी वनस्पती सापडते. पुढे सांतापाव आणि कपाडिया यांचा मुंबई इलाख्यातील ऑर्किडांवरचा ग्रंथ १९६६ मध्ये आला. तो इंग्रजीत आहे. त्या तोडीचे काम मराठीत व्हायचे, तर आधी गावोगावचे शब्द जमवायला हवेत.

हे काम शाळा-महाविद्यालयांना सहज करता येईल. एका वहीत पाच रकाने आखावेत : गावात म्हणतात ते नाव, सांगणाऱ्याचे गाव, कुठल्या झाडावर किंवा कसल्या जमिनीत, फुलण्याचा महिना, आणि स्वतःच्या शब्दांत चार ओळींचे वर्णन. वर्णन करताना ‘सुंदर’, ‘मनमोहक’ ही विशेषणे वर्ज्य. ‘ठिपका’, ‘खाच’, ‘झालर’, ‘लोंबता’, ‘विरळ’ यांसारख्या शब्दांनी काय साधते, हे मुलांना दोन आठवड्यांत उमगते. नेमके गद्य लिहायला शिकवण्याचा याहून चांगला पाठ मला सापडलेला नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने शेजारी लॅटिन नाव लिहावे. दोघांची वही एकच असावी.

एक नियम मात्र कडक : झाडावरून काहीही काढायचे नाही. ऑर्किडाचे बी धुळीसारखे असते, त्यात साठवलेले अन्न नसते; योग्य बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. त्यामुळे एक कापलेली वेणी पुन्हा उगवणे आपल्याला वाटते तितके सोपे नाही. या संपूर्ण कुलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटीस’ कराराचे नियंत्रण आहे, पण परसातल्या कोयत्यावर कुठल्याच कराराचे नियंत्रण चालत नाही. तिथे उपयोगी पडेल तो बागेत काम करणाऱ्याच्या तोंडचा शब्द. ‘हे बांडगूळ नव्हे, वेणी आहे’, एवढे वाक्य त्याच्या भाषेत रुजले, तरी फांदी राहते आणि फूलही.