कान चाचपून कालवड घ्या

"डॉक्टर, पाच महिन्यांच्या कालवडीला कास कशी हो येते?"

फोन आपल्याच एका मराठी गृहस्थांचा. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये गुरांचा डॉक्टर. इथे नोकरी सांभाळून थोडी जमीन घ्यायची, चार गुरं पाळायची, ही हौस आपल्या लोकांत मी बरीच पाहतो. ह्यांनी स्वस्तात मिळाल्या म्हणून कालवडी घेतल्या होत्या. जाऊन पाहिलं तर सड लांबलेले, निरण सुजलेलं, शेपटीचं मूळ वर उचललेलं, आणि एवढ्याशा पोरी एकमेकींवर उडत होत्या. कान चाचपला. मधल्या भागात कातडीखाली बारीक गोळ्यांची रांग बोटाला लागली.

विकणारा मांसासाठी वासरं वाढवणारा. ह्या गोळ्यांतून इस्ट्राडायोल, झेरॅनॉल, ट्रेनबोलोन अशी संप्रेरकं महिनोन्महिने झिरपतात, अंगावर मांस लवकर चढतं. मांसाच्या मोठ्या गुरांना अमेरिकेत हे कायदेशीर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जी अजून रवंथही करत नाहीत, त्या मांसासाठी दुधावर वाढवलेल्या वासरांसाठी ह्या गोळ्यांना कधीच मंजुरी नव्हती. तरी त्या सर्रास टोचल्या जात होत्या, हे 2004 साली उघड झालं. युरोपात 1980 मध्येच इटलीतल्या वासराच्या मांसाच्या बाळअन्नात डीईएस हे कृत्रिम संप्रेरक सापडलं आणि गहजब झाला. पुढे तिथे संप्रेरकांवर बंदीच आली. बंदीनंतरचा चोरटा व्यापार किती भयंकर, तर तो खणून काढणारे बेल्जियमचे पशुवैद्यकीय निरीक्षक कारेल व्हान नोपेन यांना 1995 मध्ये गोळ्या घालून मारलं.

तर कालवड वेतासाठी घेणार असाल, तर आधी दोन्ही कान चाचपा. गोळी दिली असेल तर कोणती आणि कितव्या महिन्यात, हे विचारा. वयाच्या दोन महिन्यांनंतर एकदाच दिलेली बहुधा फार नडत नाही. जन्मल्या जन्मल्या किंवा पुन्हापुन्हा दिलेली मात्र गर्भाशयाची वाढ खुंटवते. विकणारा उत्तर टाळू लागला की निघून या, भाव कितीही उतरवू दे. वळू म्हणून ठेवायच्या गोऱ्ह्याला तर एकही गोळी नको, अंडकोष लहान राहतात.

त्या गृहस्थांच्या दोनच कालवडी पुढे गाभण राहिल्या. बाकीच्या खाटकाकडे गेल्या. मुळात त्या तयार केल्या होत्या त्याचसाठी.