उभ्या बग्गीचं व्होल्टेज फसवतं

आमचं रिसॉर्ट कोकणात, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या डोंगरावर. पाहुण्यांना सामानासकट वरच्या कॉटेजपर्यंत सोडायला बॅटरीवरच्या बग्ग्या आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे. पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली एक बग्गी दिवाळीच्या गर्दीत चढावर दम सोडायला लागली. सपाटीवर झकास पळायची. चार माणसं आणि बॅगा घेऊन चढाला लागली की रांगायची. जरा वेळ उभी केली की पुन्हा चालू.

बाहेरून बोलावलेल्या मेकॅनिकने सीट उचलून मीटर लावला. ५०.२ व्होल्ट. "बॅटऱ्या टकाटक आहेत, साहेब. कंट्रोलर गेलाय," म्हणाला आणि नव्या कंट्रोलरचा भाव सांगून मोकळा झाला. त्याचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. कंट्रोलर तापला की तोही करंट कमी करतो आणि गार झाल्यावर पूर्ववत होतो. पण मीटर लावला होता तो उभ्या गाडीला.

या बग्गीत ६ व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. पॅक पूर्ण भरलेला असला की विश्रांतीत साधारण ५१ व्होल्ट दाखवतो. सिरीजमध्ये सगळ्यांतून एकच करंट वाहतो, त्यामुळे एक सेल जरी कमजोर असला तरी भार येताच तो कोसळतो आणि गाडीला मागे ओढतो. करंट नसताना तोच सेल जवळपास निरोगी भासतो.

म्हणून आम्ही क्रोकोडाइल क्लिप लावून, लांब वायरींनी मीटर पुढच्या सीटवर घेतला आणि भरलेली गाडी चढावर नेली. पॅक ४४ व्होल्टवर आला. मग एकेक बॅटरी तपासली. बाकीच्या ५.८ च्या आसपास टिकून होत्या. एक थेट ३.९ वर. रात्रभर चार्ज करून हायड्रोमीटर घातला तेव्हा तिच्या एका सेलची घनता १.१३० निघाली, शेजारचे सेल १.२६० च्या वर होते. सेलसेलमध्ये ०.०५० चा फरक पडला तरी ती बॅटरी संशयित समजावी. कंट्रोलरला काहीही झालं नव्हतं.

तुमची बग्गी अशी वागली तर याच क्रमाने जा. आधी अंगठी, कडं, घड्याळ काढा, चष्मा लावा, आसपास विडी-काडी नको. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. मग टायरची हवा पाहा आणि गाडी सपाटीवर ढकलून बघा. जड लागली तर ब्रेक धरून बसलेत. त्यानंतर टर्मिनल. पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. चढ चढून आल्यावर एखादा लग बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो ढिला आहे किंवा केबल आतून कुजली आहे.

मग भाराखाली व्होल्टेज घ्या. आकडा कोसळला तर दोष बॅटरीत किंवा जोडण्यांत. आकडा टिकला आणि गाडी तरीही रांगली, तर सोलेनॉइड, ॲक्सिलरेटरचा सेन्सर, कंट्रोलर आणि मोटर यांच्याकडे वळा. लिथियमची बग्गी असेल तर लक्षण वेगळं: बॅटरी सांभाळणारं सर्किट (बीएमएस) सप्लाय तोडतं आणि गाडी एकदम बंद पडते.

संच नवा असेल तर त्याच मॉडेलची एकच बॅटरी बदलून भागतं. जुना असेल तर सगळा संच बदला. जुन्यांत एक नवी घातली तर तीही लवकर बसते. पाणी डिस्टिल्डच, तेही चार्जिंगनंतर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्या बुडतील इतपत. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं, हा समज सोडा. पावसाळ्यात गाडी उभी करायची तर पूर्ण चार्ज करून, मेन केबल काढून ठेवा आणि महिन्याला एकदा चार्जिंगला लावा. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि ते मग सहसा निघत नाही.

कंट्रोलर बदला असं कुणी सांगितलं तर त्याला एवढंच विचारा: भरल्या गाडीने चढावर किती व्होल्ट दाखवले? आकडा सांगता आला नाही, तर पैसे काढू नका.