सेवाशिबिर आणि सलग समतल चर

नीरा खोऱ्यातील बावडा परिसर पर्जन्यछायेत मोडतो. माळावर पडलेले पावसाचे पाणी तेथेच मुरविण्याच्या कामी महाविद्यालयीन तरुणांचे श्रम उपयोगी पडतात. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दत्तक गावात भरते. त्यापूर्वी कार्यकर्त्यांनी माथ्यापासून पायथ्याकडे कामाचा क्रम ठरवावा व ओळंबा टांगलेल्या लाकडी चौकटीने समतल रेषा आखावी. ६० सें. मी. रुंद व ३० सें. मी. खोल चराच्या एका मीटरात १८० लिटर पाणी मावते. रेषा चुकल्यास मात्र ते सखल टोकास साचून चर फुटतो. आखणी शिकण्यास गावातील तरुण व शाळेतील मुले बरोबर घ्यावीत. शिबिरार्थी सात दिवसांनी परततात. दरवर्षी चरातील गाळ काढणे गावाच्याच हाती राहते.