गेडचा रंग, टेनारचं घर

चि. सोनू,


तुझं लांबलचक पत्र पोचलं. अर्सुला ले ग्विन यांची अर्थसीची पुस्तकं इतक्या वर्षांनी पुन्हा काढलीस आणि त्यांच्यावरची अमेरिकन मालिका आणि जपानी चित्रपटही लागोपाठ पाहिलास, हे वाचून आनंद झाला. पुढची पानं वाचताना मात्र काळजी वाटू लागली. तुझ्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही तू एकाच रागात लिहिल्या आहेस. पडद्यावाल्यांनी पुस्तकाची वाट लावली, ही एक. आणि लहानपणी ज्यांच्यावर जीव टाकला त्या पुस्तकांतच आता खोट दिसते, बायकांना तिथे जागाच नाही, ही दुसरी. या भरात हाती आलेलं एका बालकादंबरीवरच्या मालिकेचं काम नाकारायला निघाली आहेस. त्या कामाबद्दल शेवटी लिहिते. आधी या दोन तक्रारींची गाठ सोडवू, कारण त्यांची उत्तरं एक नाहीत.

त्या अमेरिकन मालिकेपासून सुरुवात करते. 2004 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या साय-फाय वाहिनीनं ती दोन भागांत दाखवली. पहिली दोन पुस्तकं एकत्र कालवून तिची कथा केली होती. नायक गेड गोरा दाखवल्याचा तुला संताप आला. तो संताप सांभाळून ठेव, तो रास्त आहे. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' 1968 साली आलं. त्या काळात इंग्रजी अद्भुतकथेचा नायक गोरा असणार हे कुणी ठरवायचीही गरज नव्हती, ते गृहीतच होतं. अर्सुला ले ग्विन यांनी ते गृहीत उलटवलं. त्यांचा गेड तांबूस-सावळा, त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा, बेटाबेटांवरची बहुतेक माणसं अशीच. गोरे आहेत ते कार्गाडचे लोक, आणि ते आपल्याला पहिल्यांदा भेटतात ते गावं जाळत येणारे हल्लेखोर म्हणून. विशेष म्हणजे बाईंनी हे पहिल्या पानावर जाहीर केलं नाही. वाचकाला आधी गेडच्या अंगात शिरू दिलं आणि मग हळूच कळू दिलं की हे अंग कोणत्या रंगाचं आहे. हे आपण जाणूनबुजून केलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. तरीही पुढे किती वर्षं मुखपृष्ठांवर गोराच गेड छापला गेला, आणि त्या भांडत राहिल्या.

दहा वर्षांची असताना तू मला विचारलं होतंस, गेड आपल्यासारखा दिसतो का म्हणून. मी हो म्हटलं आणि तू काही न बोलता पुन्हा पुस्तकात गेलीस. ज्या घरांत बारशालाच पोरीचा रंग निरखला जातो आणि लग्नाच्या जाहिरातीत तो शिक्षणाच्याही आधी छापला जातो, त्या घरांतल्या मुलीला एका अमेरिकन बाईनं हे दिलं. मालिकेनं ते काढून घेतलं. गेडच्या गुरूच्या, ओजियनच्या भूमिकेत डॅनी ग्लोव्हर होते, बाकी मुख्य पात्रं जवळजवळ सगळी गोरी. ले ग्विन यांचं नाव सल्लागार म्हणून लागलं होतं, पण त्यांच्या शब्दाला वजन नव्हतं. मालिका दाखवली गेल्यावर लगेच त्यांनी 'स्लेट'मध्ये लेख लिहून आपला आक्षेप उघड मांडला.

रंगाइतकीच दुसरी एक गोष्ट मला लागली, तुझ्या पत्रात ती नाही. गेड हे त्याचं खरं नाव, ते गुप्त; जगात तो ससाणा या अर्थाच्या नावानं ओळखला जातो. मालिकेनं हे नेमकं उलट केलं. सगळे त्याला गेड म्हणून हाका मारतात आणि ससाणा हे गुपित. पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं, हे आपल्याकडच्या पोरांनाही ठाऊक असतं, त्यामुळे तुला लहानपणी हे समजावून सांगावं लागलं नव्हतं. अर्थसीतली सगळी जादू यावर उभी आहे. खरं नाव सांगणं म्हणजे स्वतःचा जीव दुसऱ्याच्या हाती देणं. पहिल्या पुस्तकात गेडच्या उन्मादानं एक छाया मोकळी सुटते, त्याला वाचवताना थोरला गुरू मरतो, गेड विद्रूप होऊन कित्येक महिन्यांनी उठतो, कुणाच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. आणि तेव्हा व्हेच निघताना आपलं खरं नाव त्याला सांगून जातो. मला त्या पुस्तकातलं सर्वांत मोठं वाटतं ते हे दान. नावांची अदलाबदल करणाऱ्यांनी हा प्रसंग वाचला असेल, पण तो त्यांना भिडला नव्हता. घराचा कुठला खांब भार पेलतो हे न पाहता त्यांनी तोच काढला.

जपानी चित्रपटाला मात्र तू याच मापानं मोजलंस, ते मला पटलं नाही. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच परवानगी मागितली होती. ले ग्विन यांना त्यांचं काम माहीत नव्हतं, सचेतनपट म्हणजे डिस्नी अशी समजूत, म्हणून नकार गेला. पुढे त्यांनी 'माय नेबर टोटोरो' पाहिला आणि मन बदललं. पण होकार गेला तोवर काळ सरला होता आणि दिग्दर्शन मुलाकडे, गोरो मियाझाकींकडे आलं. त्यांनी त्याआधी कधी चित्रपट केला नव्हता. बागांची, भूरचनेची कामं केली होती आणि स्टुडिओ जिब्लीचं संग्रहालय सांभाळलं होतं. 2006 च्या जुलैत चित्रपट आला. त्यातलं शेत नांगरणं, बंदरातली गर्दी, थेरू नावाची पोर माळावर उभी राहून एकटी गाते ते गाणं, हे सगळं पुन्हा एकदा शांतपणे पाहा. हा माणूस जमिनीवर राबणारा आहे हे कळतं.

फसला तो शेवटाकडे. कथा बरीचशी तिसऱ्या पुस्तकाची, 'द फार्दस्ट शोअर'ची, आणि टेनार-थेरू या दोघी चौथ्यातून, 'तेहानू'तून, घेतलेल्या. तिसऱ्या पुस्तकात कॉब नावाचा जादूगार मरण टाळण्यासाठी जगाला भोक पाडतो आणि त्यातून सगळ्या बेटांवरची गाणी, कसब, शब्द गळून जातात. त्याला तलवारीनं मारून काही साधत नाही. गेड आपली सगळी शक्ती ओतून ते भोक बुजवतो आणि रिता होऊन परततो. मरणाची भीती कॉबची एकट्याची नाही, ती बरोबर आलेल्या राजपुत्राच्या, अ‍ॅरनच्याही पोटात आहे. पडद्यावर मात्र एक दुष्ट उभा राहिला, त्याला संपवलं, संकट टळलं. ले ग्विन यांचा मुख्य आक्षेप हाच होता. दुष्टावा एका माणसात कोंबून त्याला मारून टाकणं त्यांच्या जगात नाही. गेडच्या छायेचं नाव गेडच निघतं, हे त्यांनी पहिल्याच पुस्तकात सांगून ठेवलं होतं.

पण त्यांनी गोरोंशी वागताना काय केलं ते बघ. खास खेळानंतर गोरोंनी विचारलं, तेव्हा हे माझं पुस्तक नाही, तुमचा चित्रपट आहे आणि चांगला आहे, या अर्थाचं त्या समोरासमोर बोलल्या. सविस्तर नापसंती नंतर लिहून मांडली. दोन्ही खरंच होतं. नवख्याच्या मेहनतीचा मान राखायचा आणि पुस्तकाची बाजूही सोडायची नाही, हे तुला तुझ्या धंद्यात रोज लागेल. एक रूपांतर पुस्तक न भिडलेल्यांनी केलं, दुसरं भिडलेल्यानं केलं आणि ते अर्धं साधलं. या दोघांना एका ओळीत बसवू नकोस.

आता दुसरी तक्रार. ती मला जास्त जवळची आहे.

तू म्हणतेस ते खरं आहे. रोक बेटावरच्या जादूच्या विद्यालयात फक्त मुलगे. गेडला पहिले मंत्र शिकवते ती त्याची मावशी, शेळ्या बोलावण्याचे वगैरे. आणि पहिल्या पुस्तकात तिची पत गावची अर्धवट जाणती चेटकीण एवढीच. बायकांच्या जादूला कमकुवत आणि कपटी म्हणणाऱ्या म्हणी तिथल्या लोकांच्या तोंडी आहेत आणि लेखिका त्यांना अडवत नाही. 1971 च्या 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन'मध्ये टेनार आली, काळोख्या थडग्यांची किशोरवयीन पुजारीण, आणि तिच्याशिवाय गेड तिथून जिवंत सुटला नसता. पण 1972 च्या तिसऱ्या पुस्तकात पुन्हा पुरुषांचाच प्रवास.

हे लेखिकेलाही दिसलं. आणि तिनं त्यावर जे केलं ते मला या साऱ्या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं. अठरा वर्षांनी, 1990 मध्ये, 'तेहानू' आलं. जुन्या पुस्तकांतलं काही पुसलं नाही. त्याच बेटावर, त्याच काळात, एका शेतकरणीच्या उंबऱ्यावर त्या जाऊन उभ्या राहिल्या. टेनार आता मध्यमवयीन विधवा आहे. ओजियन तिला विद्या द्यायला तयार होता, ती तिनं सोडली आणि संसार केला. आता भांडी, शेळ्या, सूतकताई, आणि आपल्याच माणसांनी आगीत ढकललेली एक भाजलेली पोर, थेरू. गेड ड्रॅगनच्या पाठीवरून परततो तो शक्ती गमावलेला, लाजून लपून बसणारा. उंबऱ्यावरून रोककडे पाहिलं की तेच रोक वेगळं दिसू लागतं. कित्येक जुन्या वाचकांना हे रुचलं नाही, आमची जादू कुठे गेली म्हणून ते रागावले. मी ते वाचलं तेव्हा थेरूची जखम धुणारी टेनार मला गेडच्या साऱ्या पराक्रमांहून मोठी वाटली, आणि आजही वाटते.

त्या तिथेच थांबल्या नाहीत. 2001 मध्ये दोन पुस्तकं आली. एकातल्या कथेत कळतं की रोकचं विद्यालय उभारण्यात बायका होत्या, त्यांना बाहेर काढलं ते नंतर. दुसऱ्यात, 'द अदर विंड'मध्ये, मृतांच्या कोरड्या प्रदेशाची भिंतच पाडली जाते, म्हणजे पूर्वीच्या पुस्तकांत स्वतः उभी केलेली कल्पना बाईंनी स्वतःच्या हातानं तपासायला घेतली. अर्थसीचं खरं रूपांतर मला विचारशील तर हे आहे, आणि ते मूळ लेखिकेनं केलं.

म्हणून सांगते, जुन्या पुस्तकांकडे परत जाताना वकील होऊ नकोस आणि न्यायाधीशही होऊ नकोस. दहाव्या वर्षी तुला त्यांनी दिलं ते खोटं नव्हतं. आज चोविसाव्या वर्षी तुला दिसतं तेही खोटं नाही. दोन्ही वाचनं तुझीच. पुस्तकं कपाटातून काढून टाकायची भाषा करू नकोस. 'तेहानू' तू कॉलेजात असताना अर्धं सोडलंस, कंटाळवाणं म्हणालीस. ते आता पूर्ण कर.

आणखी एक गोष्ट मिळाली तर बघ. 2018 मध्ये सगळं अर्थसी एका सचित्र खंडात आलं, पहिल्या पुस्तकाला पन्नास वर्षं झाली त्या साली. चित्रकार चार्ल्स व्हेस. ते काही वर्षं बाईंना कच्ची रेखाटनं पाठवत, बाई उत्तरं देत, ते पुन्हा काढत. त्या वर्षीच्या जानेवारीत बाई गेल्या, छापील खंड त्यांनी पाहिला नाही. पण त्यातला गेड सावळा आहे, आणि ड्रॅगन त्यांना हवे तसे. लेखकाला विचारत विचारत काम करता येतं, याचा पुरावा हातात धरून बघावा असा आहे.

आता तुझं काम. नाकारू नकोस. तू नाकारलंस तर ती बालकादंबरी पडद्यावर यायची थांबणार नाही, ती न वाचलेल्या कुणाच्या तरी हाती जाईल. आधी ती दोनदा वाच. मग एका कागदावर लिही, यातून काय काढलं तर हे पुस्तक उरणार नाही. फार गोष्टी निघणार नाहीत. उरलेलं बेधडक बदल, प्रसंग गाळ, पात्रं एकत्र कर, शेवट मागेपुढे कर. त्यात पाप नाही. निर्माते तुझ्याकडे दोन गोष्टी हमखास मागतील, एक खलनायक आणि एक गोरी मुलगी. कागदावरच्या ओळी त्या वेळी उपयोगी पडतील.

त्या कादंबरीच्या लेखिका हयात आहेत आणि तू त्यांना अजून फोनही केलेला नाहीस, हे मला आवडलं नाही. जा, भेट. त्यांना काय जपायचं आहे ते विचार, आणि आज लिहिलं असतं तर काय वेगळं लिहिलं असतं हेही विचार. दुसऱ्या प्रश्नावर कदाचित जास्त बोलतील. करारात त्यांना नुसतं 'सल्लागार' म्हणून ठेवू देऊ नकोस. संहिता त्यांना कधी दाखवायची, त्यांची हरकत आली तर काय करायचं, हे लेखी असू दे. तुझा शब्द तिथे चालेल की नाही माहीत नाही, तरी मागणी तुझ्याकडून गेली पाहिजे.

आणि कादंबरीतली ती कोळ्यांची पोर सावळी आहे, हे पहिल्या पानावर आहे. ऑडिशनच्या दिवशी तुला बोलावणार नाहीत. तरी जाऊन बस.

तुझी,
मावशी